‘मूळचे आझमगडचे’ एवढ्यावर बातमी संपत नाही

त्रिनिदाद आणि टोबॅगोचे माजी पंतप्रधान बासदेव पांडे १ जानेवारी २०२४ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये वारले, वयाच्या ९०व्या वर्षी. अशा माणसाची बातमी भारतात पोचते तेव्हा तिचा साचा आधीच तयार असतो. पूर्वज गिरमिटिया (करारावर परदेशी नेलेले मजूर), मूळ गाव उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यात, १९९५ मध्ये देशाचे पहिले भारतवंशी पंतप्रधान, १९९७ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत प्रमुख पाहुणे, २००५ मध्ये प्रवासी भारतीय सन्मान (त्या वर्षीचा सोहळा मुंबईत भरला होता). यातली एकही ओळ खोटी नाही. तरी त्या सगळ्या वाचून हा माणूस कोण होता याचा पत्ता लागत नाही.

इथे त्रिनिदादमध्ये त्यांना सगळे नुसते ‘बास’ म्हणत. मराठी कानाला त्यात ‘पुरे’ ऐकू येते, आणि निम्म्या देशाचे म्हणणेही तेच असायचे. उसाच्या मळ्यातल्या मजुरांचे पुढारी, कूवा नॉर्थ मतदारसंघातून १९७६ ते २०१० सलग ३४ वर्षे खासदार, वर्तमानपत्रांशी उभा दावा मांडलेले पंतप्रधान, लंडनच्या बँक खात्यावरून शिक्षा झालेले आणि ती शिक्षा रद्द करून घेतलेले आरोपी, अशी त्यांची इथली ओळख. ९ जानेवारीला सान फर्नांडोत शासकीय इतमामात त्यांना निरोप दिला गेला. तो इतमाम जाहीर करणारे सरकार पीपल्स नॅशनल मूव्हमेंटचे (पीएनएम) होते, म्हणजे ज्या पक्षाशी ते जन्मभर लढले त्याच पक्षाचे.

महाराष्ट्रात माध्यमांवरून जो वाद चालू आहे, म्हणजे वर्तमानपत्राचा मालक कोण, सरकारला टीका किती सोसते, अब्रुनुकसानीचा धाक कुणाला, त्या वादाला पांडे यांच्या कारकिर्दीतून पुष्कळ काही मिळण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी ‘आपला माणूस’ हा चष्मा आधी उतरवावा लागतो.

चष्मा चटकन चढतो हे खरे. बासदेव म्हणजे आपला वासुदेवच, भोजपुरी तोंडात ‘व’चा ‘ब’ झालेला. इथल्या भारतीय घरांत वडिलांच्या आईला ‘आजी’ म्हणतात. नव्याने आलेला मराठी माणूस ते ऐकून विरघळतो. पण ती आजी भोजपुरी आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे पहिले जहाज सुमारे २२५ मजूर घेऊन इथे लागले ते कलकत्त्याहून. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त माणसे आली, बहुतेक कलकत्ता बंदरातून, थोडी मद्रासहून. मुंबईहून निघालेले मराठी मजूर मॉरिशसला उतरले आणि त्यांचे वंशज तिथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात. त्रिनिदादशी आपले तसे नाते नाही. पांडे यांच्या आयुष्यात मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल असा एक धागा सापडतो तो भलत्याच ठिकाणी. लंडनमध्ये नाट्यशिक्षण आणि कायदा शिकत असताना त्यांनी चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या. त्यांतला १९६३ चा ‘नाइन अवर्स टू रामा’ हा नथुराम गोडसे आणि गांधीहत्येवरचा, भारतात बंदी घातलेला चित्रपट. पुण्याच्या त्या माणसाच्या कथेत हा त्रिनिदादचा भावी पंतप्रधान कुठेतरी कोपऱ्यात उभा आहे.

तर ‘भारतवंशी’ या शब्दाकडे येऊ. पुण्या-मुंबईत तो कौतुकाचा शब्द आहे. इथे तो मतदारसंघाचा हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे १३ लाख. त्यात भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के, मिश्र वंशाचे २२.८ टक्के. ६ नोव्हेंबर १९९५ च्या निवडणुकीत ३६ जागांपैकी पांडे यांच्या युनायटेड नॅशनल काँग्रेसला १७, सत्ताधारी पीएनएमला १७ आणि ए. एन. आर. रॉबिन्सन यांच्या पक्षाला २ मिळाल्या. रॉबिन्सन यांनी सात वर्षांपूर्वी याच पांडेंना आपल्या सरकारातून आणि पक्षातून बाहेर काढले होते. आता त्यांच्या दोन जागांवर पांडे पंतप्रधान झाले, आणि १९९७ मध्ये पांडेंच्या पाठिंब्याने रॉबिन्सन राष्ट्रपती. गिरमिटियांच्या आगमनाला १५० वर्षे झाली त्याच वर्षी, १९९५ मध्ये, हे सत्तांतर घडले, त्यामुळे कारोनीच्या ऊसपट्ट्यात दिवाळी झाली आणि राजधानीच्या कित्येक वस्त्यांत घरची सत्ता गेल्यासारखी शांतता. अशा देशात ‘भारतवंशी पंतप्रधान’ हा मथळा अभिनंदनाचा राहत नाही, तो एका बाजूला उभा राहतो. दिल्लीत बसून तो लिहिणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याला दुसरी बाजू दिसतच नाही.

पांडे आणि वर्तमानपत्रे यांचे जे बिनसले ते याच पार्श्वभूमीवर. १९१७ पासूनचा ‘गार्डियन’ अन्सा मॅकअल या बड्या उद्योगसमूहाचा. याच समूहाची बिअर, याच समूहाचा मोटारींचा धंदा. १९६७ चा ‘एक्सप्रेस’ आणि टीव्ही-६ वाहिनी कॅरिबियन कम्युनिकेशन्स नेटवर्क या कंपनीची, अध्यक्ष केन गॉर्डन. सत्तेवर येऊन काही महिने झाले तोच पांडेंनी ‘गार्डियन’चे संपादक जोन्स पी. माडेरा यांच्यावर वंशद्वेषाचा आरोप केला. १९९६ च्या एप्रिलपर्यंत माडेरा, व्यवस्थापकीय संचालक आणि बरेच पत्रकार ‘गार्डियन’ सोडून गेले आणि त्यांनी ‘इंडिपेंडंट’ नावाचे नवे पत्र काढले. हे माडेरा कोण, तर जुलै १९९० मध्ये जमात-अल-मुस्लिमीनच्या सशस्त्र लोकांनी संसद आणि सरकारी दूरचित्रवाणी केंद्र ताब्यात घेतले तेव्हा त्या केंद्रावर ओलीस असलेले वृत्तप्रमुख. म्हणजे बंदुकीसमोर नोकरी न सोडलेला माणूस सहा वर्षांनी मालकाच्या दालनातल्या दबावासमोर बाहेर पडला.

मग १९९७. टीव्ही-६ वर सकाळचा कार्यक्रम करणारे ज्युलियन रॉजर्स हे बार्बाडोसचे नागरिक. सरकारने त्यांच्या कामाच्या परवान्याचे नूतनीकरण केले नाही. त्याच वर्षी महान्यायवादी रमेश लॉरेन्स महाराज यांनी माध्यम कायद्याच्या सुधारणेचा मसुदा चर्चेसाठी मांडला. सूर ‘स्वतंत्र आणि जबाबदार माध्यमां’चा. पत्रकार आणि मालक दोघेही खवळले, कारण ‘जबाबदार’ म्हणजे काय हे ठरवणार सरकार. तो मसुदा कायद्यापर्यंत पोचला नाही. आणि ३० मे १९९७ रोजी, भारतीय आगमन दिनाच्या जाहीर कार्यक्रमात, पांडेंनी केन गॉर्डन यांना ‘स्यूडो-रेसिस्ट’ म्हटले.

शब्दशः घेतले तर त्याचा अर्थ ‘खोटा वंशद्वेष्टा’, म्हणजे एका परीने प्रमाणपत्रच. पण अब्रुनुकसानीत शब्दकोश चालत नाही, ऐकणाऱ्याला काय कळले ते चालते. गॉर्डन दिवाणी न्यायालयात गेले. २००० मध्ये उच्च न्यायालयाने पदावरच्या पंतप्रधानाला ६,९६,८५४ त्रिनिदाद डॉलरची भरपाई द्यायला सांगितले. अपील न्यायालयाने रक्कम ३ लाखांवर आणली. पांडे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. इथल्या घटनेत राजकीय मते मांडण्याचा हक्क स्वतंत्रपणे दिलेला आहे, तेव्हा राजकीय भाषणातले असे शब्द अब्रुनुकसानी ठरू नयेत, हा त्यांचा बचाव होता. २००५ मध्ये तो फेटाळला गेला. ३ लाख म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४८ हजार अमेरिकी डॉलर, रुपयांत २१ लाखांच्या आसपास. (हे गॉर्डन २००५ ते २००७ वेस्ट इंडीज क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. २००७ चा विश्वचषक आपल्याकडे ज्या कारणाने लक्षात आहे ते असो.)

या लढाईत वर्तमानपत्रे धुतल्या तांदळासारखी होती असे मी म्हणणार नाही. गॉर्डन स्वतः १९८६ नंतरच्या सरकारात उद्योगमंत्री होते, पांडेही त्याच मंत्रिमंडळात काही काळ परराष्ट्रमंत्री. म्हणजे मालक हा कालचा राजकारणी, आणि त्याचा बळी ठरल्याची तक्रार करणारा कालचा सहकारी. माध्यमे दोन-तीन धनिकांच्या हातात आहेत, त्यांच्या कचेऱ्या राजधानीत आहेत आणि ऊसपट्टा त्यांना फक्त संपाच्या दिवशी दिसतो, ही पांडेंची तक्रार निराधार नव्हती. १९७५ च्या मार्चमध्ये सान फर्नांडोत साखर आणि तेल कामगारांच्या मोर्चावर पोलीस तुटून पडले त्या दिवसापासून ती साठत आलेली होती. पण त्या तक्रारीवरचा उपाय त्यांच्या हाती होता. मालकीचे तपशील जाहीर करण्याची सक्ती, सरकारी जाहिरातींच्या वाटपाचा खुला हिशेब, एका समूहाने किती माध्यमे बाळगावीत याची मर्यादा, यांतले काहीही करता आले असते. त्यांनी त्याऐवजी माणसाला शिवी दिली आणि परदेशी निवेदकाचा परवाना अडवला. मूळ प्रश्न तसाच राहिला आणि शिवीवर मात्र आठ वर्षे, तीन न्यायालये खर्ची पडली.

आता महाराष्ट्र. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून माध्यम देखरेख केंद्रासाठी सुमारे १० कोटी रुपयांची तरतूद केली. छापील, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमांतल्या सरकारविषयक बातम्या गोळा करायच्या, सकारात्मक-नकारात्मक असे वर्गीकरण करायचे, दिशाभूल करणारी बातमी असेल तर तातडीने खुलासा द्यायचा, असे त्याचे काम. समर्थक म्हणतात, खुलासा देणे हा सरकारचा हक्क आहे. तो आहेच. विरोधक म्हणतात ही पाळत आहे. या दोन वाक्यांमध्येच वाद अडकून पडतो, आणि इथून पाहताना ते फार खटकते. त्रिनिदादचा १९९७ चा मसुदा मला मुळीच आवडत नाही, पण तो मसुदा होता: छापला, वाटला, त्यावर भांडण झाले, मग बाजूला पडला. शासन निर्णयाला असा टप्पाच नसतो. ‘नकारात्मक’ हे विशेषण एखाद्या बातमीला कोणत्या कसोटीवर लागते, ती यादी कुणाला बघता येते, आणि जाहिराती देणाऱ्या खात्याकडे ती जाते की नाही, हे तीन प्रश्न विचारले तर पाळत की खुलासा याचे उत्तर आपोआप मिळेल. हे प्रश्न माहिती अधिकाराच्या एका अर्जात, दहा रुपयांच्या शुल्कात मावतात.

अब्रुनुकसानीच्या बाबतीत तुलना आणखी टोचते. इथे पंतप्रधानावर दावा दिवाणी होता. हरला तर पैसे, तुरुंग नाही. इथल्या कायद्यातही फौजदारी अब्रुनुकसानी होती, २०१४ मध्ये तिचा एक भाग काढून टाकला. जाणूनबुजून खोटी बदनामी छापणे हा अजूनही गुन्हा आहे, म्हणजे सुधारणा अर्धीच. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फौजदारी अब्रुनुकसानी वैध ठरवली आणि ती आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात आहे, दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेसह. व्यवहारात शिक्षा क्वचितच होते. त्रास असतो तो तारखांचा. नांदेडच्या वार्ताहरावर मुंबईत तक्रार झाली की दर तारखेचे रेल्वेभाडे हीच शिक्षा.

दिवाणी मार्ग सौम्य असतो असेही समजू नये, आणि त्याचे उदाहरण पुण्याचेच आहे. २००८ मध्ये ‘टाइम्स नाऊ’ने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत चुकून सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र दाखवले, सुमारे १५ सेकंद. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. अपील ऐकण्याआधी उच्च न्यायालयाने २० कोटी जमा करायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. चूक गंभीर होती, सावंत हे पूर्वी प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष राहिलेले, तेव्हा लाज दुप्पट. तरीही आकड्यांकडे बघा. सत्तेवरच्या पंतप्रधानाने जाहीर सभेत हेतुपुरस्सर उच्चारलेल्या शब्दाची किंमत २१ लाख, आणि १५ सेकंदांच्या चुकीची १०० कोटी. मोठी वाहिनी बँक हमी आणू शकते. जिल्ह्याचे दैनिक अशा हुकुमानंतर दुसऱ्या दिवशी निघणार नाही. भरपाई उत्पन्नाच्या आणि हानीच्या प्रमाणात कशी बसवावी, याबद्दल त्रिनिदादच्या अपील न्यायालयाने रक्कम निम्म्याहून खाली आणली तो निकाल आपल्या वकिलांनी वाचावा असा आहे.

फक्त त्या व्यवस्थेचे फार गोडवे गाऊ नयेत. शेवटचा निकाल लंडनमध्ये लागला. कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसची कचेरी एप्रिल २००५ पासून पोर्ट ऑफ स्पेनमध्येच आहे, पण त्रिनिदादची अपिले तिच्याकडे जात नाहीत, आजही समुद्र ओलांडून जातात. ते न्यायालय हवे असे म्हणणारे पांडे विरोधी बाकांवर गेल्यावर त्याला अडवून बसले. यात तत्त्व किती आणि हिशेब किती, हे मुंबईच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

रॉजर्स यांच्या परवान्याकडे परत येतो, कारण परदेशात राहणाऱ्यांच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणात तीच गोष्ट जवळची. त्रिनिदादमध्ये परदेशी माणसाला वर्षातून एकदा ३० दिवस विनापरवाना काम करता येते. त्यापुढे परवाना लागतो आणि तो मुदतीचा असतो. सरकारला कुणाला हाकलावे लागत नाही, खटला भरावा लागत नाही, नुसते नूतनीकरण केले नाही की झाले. कारण सांगावे लागत नाही, म्हणून आव्हान द्यायलाही काही हाताला लागत नाही. पुढे कॅरिबियन सामायिक बाजारपेठेच्या नियमांत पदवीधर, कलावंत, खेळाडू यांच्या जोडीला माध्यमकर्मींनाही कौशल्य प्रमाणपत्रावर सदस्य देशांत परवान्याशिवाय काम करण्याची मुभा मिळाली. आता बार्बाडोसच्या निवेदकाला ती पळवाट आहे. भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्याला नाही.

आणि घरच्या बाजूला? मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला किंवा भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला) भारतात पत्रकारिता करायची तर आगाऊ खास परवानगी लागते, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण यांच्या रांगेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हेनेसा डूनयाक ही दोन दशकांहून अधिक काळ भारतातून लिहिणारी फ्रेंच पत्रकार कार्ड रद्द करण्याची नोटीस आल्यावर देश सोडून गेली. शिकागो-टोरांटोहून मराठी दैनिकांत सदर लिहिणाऱ्या, ओसीआय घेतलेल्या कितीजणांना ही अट ठाऊक आहे? गणपतीत गावी आल्यावर साखर कारखान्याच्या निवडणुकीवर चार मुलाखती घेऊन लेख पाठवला, तर तो छंद की पत्रकारिता, हे लेखकाने ठरवायचे नसते. १९९७ च्या त्रिनिदादमध्ये हत्यार परवान्याचे होते. आपल्याकडे ते कार्डाचे आहे. ‘भारतवंशी’ म्हणून ज्यांचे कौतुक होते त्यांच्याच खिशात ते असते, ही त्यातली मौज.

पांडेंच्या खटल्यांविषयी लिहिताना भारतीय बातम्यांत घोळ होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. शिक्षा झाली ती २४ एप्रिल २००६ रोजी, मुख्य दंडाधिकाऱ्यासमोर: १९९७, ९८ आणि ९९ या वर्षांच्या मालमत्ता विवरणात लंडनचे खाते न दाखवल्याबद्दल दोन वर्षे सक्तमजुरी आणि दंड. हा भ्रष्टाचाराचा गुन्हा नव्हे, जाहीर न करण्याचा. मार्च २००७ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली, दंडाधिकाऱ्याच्या निःपक्षपातीपणावर वाजवी शंका येते म्हणून, आणि फेरसुनावणीचा आदेश दिला. मराठीत याला ‘निर्दोष सुटका’ लिहिले तर चूक, ‘शिक्षा कायम’ लिहिले तर बदनामी. बरोबर शब्द ‘शिक्षा रद्द, फेरसुनावणीचा आदेश’. ती फेरसुनावणी २०१२ मध्ये संपली ती कायद्याने सांगितलेला प्राथमिक चौकशीचा टप्पा मालमत्ता विवरणे तपासणाऱ्या आयोगाने वगळला होता म्हणून. म्हणजे खाते होते की नव्हते, ते का दडवले, याचा निवाडा गुणवत्तेवर झालाच नाही. असा शेवट वाचकाला आवडत नाही आणि उपसंपादकाला मथळ्यात बसवता येत नाही, म्हणून तो गळतो.

पियार्को विमानतळाच्या कंत्राटांचे प्रकरण निराळे. मे २००५ मध्ये पांडे, त्यांच्या पत्नी आणि इतर दोघांवर २५ हजार पौंडांच्या लाचेचा आरोप ठेवला गेला. पांडेंनी जामीन नाकारून काही दिवस तुरुंगात काढले. प्रवासी भारतीय सन्मानाच्या मुंबईतल्या सोहळ्याला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. मार्च २०२३ मध्ये सरकारी अभियोक्त्याने तो खटला मागे घेतला. त्याच महिन्यात मायामीतल्या ज्यूरीने विमानतळाच्या कंत्राटांवरून त्रिनिदाद सरकारच्या बाजूने मोठ्या भरपाईचा निकाल दिला, पण त्या दाव्यात प्रतिवादी दुसरे होते. ही दोन प्रकरणे एका परिच्छेदात आली की वाचक दोन्ही पांडेंच्या नावावर मांडतो. लिहिणाऱ्याने प्रत्येक खटल्यापुढे न्यायालय, टप्पा आणि तारीख टाकली, तर निम्मा गोंधळ मिटतो. मराठी वृत्तसंपादकांनी सिंचन किंवा सहकारी बँकांच्या प्रकरणांतही हे केले तर बिघडणार नाही.

राज्यपालांवरून महाराष्ट्रात घसा बसेपर्यंत वाद झाला, त्याचीही एक इथली आवृत्ती आहे. डिसेंबर २००० मध्ये पांडे १९ जागांनी पुन्हा जिंकले आणि निवडणुकीत पडलेल्या सात उमेदवारांना सिनेटवर घ्या असा सल्ला त्यांनी राष्ट्रपती रॉबिन्सन यांना दिला. राष्ट्रपतींनी तो जवळजवळ दोन महिने अडवला आणि मग मानला. आपल्याकडे विधान परिषदेच्या १२ नावांना नोव्हेंबर २०२० नंतर काय झाले ते आठवा. मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी मुदतीत निर्णय घ्या म्हटल्यावरही नावे तशीच पडून राहिली. त्रिनिदादमध्ये पुढे पांडेंचे तीन मंत्री फुटले, डिसेंबर २००१ च्या निवडणुकीत १८–१८ अशी बरोबरी झाली, आणि रॉबिन्सन यांनी २४ डिसेंबरला नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यांचा दाखला देत पीएनएमचे पॅट्रिक मॅनिंग यांना पंतप्रधान केले. सभागृहाला सभापती निवडता येईना, संसद ठप्प, वर्षाच्या आत पुन्हा मतदान. २००७ पासून जागा ४१ केल्या. विषम आकडा. मूल्यांवरची चर्चा अजून चालू आहे, बरोबरीचा प्रश्न मात्र गणिताने सुटला.

‘आपला माणूस’ छापाच्या बातमीचे आपले स्वतःचे नमुनेही ताजे आहेत. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातले वराड गाव बातम्यांत आले. आयर्लंडमधली घरटंचाई, जी त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा वादविषय होती, ती आली नाही. अंतोनियो कोस्टांचे मडगावचे घर गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तपासात नाव आल्यावर त्यांनी पोर्तुगालचे पंतप्रधानपद सोडले, नंतर एका संभाषणाच्या नोंदीत त्यांचे आणि नामसाधर्म्य असलेल्या मंत्र्याचे नाव एकमेकांत मिसळल्याचे पुढे आले, आणि वर्षभराने ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झाले. तपास, राजीनामा, अभियोक्त्यांची चूक, पुनरागमन: पणजीच्या राजकारणाला यात किती तरी शिकण्याजोगे होते. बातमी घराच्या व्हरांड्यातच रेंगाळली.

जुलै २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान इथे आले तेव्हा इथल्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांचा ‘बिहारची कन्या’ असा गौरव झाला आणि दोन दिवस तोच मथळा चालला. जानेवारी २०१० मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत बासदेव पांडेंना प्रचंड फरकाने हरवून ज्या पुढे आल्या त्या याच. पाहुण्यांचे विमान उतरले ते पियार्कोला, २००१ मध्ये पांडेंच्या काळात खुल्या झालेल्या नव्या टर्मिनलच्या विमानतळावर. ज्याच्या कंत्राटांवरून वीस वर्षे खटले चालले, ते टर्मिनल हेच.